जुगनरावांच्या आजन्म दस्तकाची हकीकत

वेशीवरील मारुती समर्थ. ज्याने समुद्र एका उड्डाणात ओलांडिला, परंतु पैलतीरी चौकीदारणीने त्यासही "तू कोण, कोठील?" म्हणोन पुसिलेच, त्याचे स्मरण करोन हे लिहिले. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, थोरल्या राज्यात नदीकाठच्या एका कसब्यात कुमुदिनीबाई आणि त्यांचे यजमान राहात होते. बाई जन्माने याच मातीच्या. तरुणपणी बर्फाच्या मुलखी जाऊन तेथील रयत जाहल्या आणि तेथेच युर्गेन नामे घड्याळजीशी लग्न केले, आणि मग उतारवयात माहेरची ओढ लागोन दोघे परत आली. युर्गेन हे नाव कसब्यातील जिभांस वळेना, सबब लोक त्यांस जुगनराव म्हणों लागले आणि तेही ओ देऊ लागले.

आता राज्याचा कायदा ऐसा की, परमुलखी रयत जाहले तरी मूळ ज्यांचे येथील, त्यांस सरकारातून आजन्म दस्तक मिळे. ते दाखवावे आणि वाटेल तेव्हा यावे, वाटेल तितके राहावे. बाईंपाशी ते होते. जुगनरावांपाशी मात्र पाहुण्याचा परवाना. सहा महिने राहावे आणि मग सरहद्द ओलांडोन बाहेर जावे, ऐसी शर्त. दरसाल ते जात आणि येत, त्याचे काही वाटत नसे. परंतु त्या साली दसऱ्याचे सुमारास बाई मोरीत घसरल्या, खुब्याचे हाड मोडले आणि अंथरुणास खिळल्या. जुगनराव त्यांस उठवीत, न्हाऊ घालीत, वेणी घालीत. पहिली वेणी वाकडी आली ती बाईंनी सोडविली, दुसरीही वाकडीच आली ती राहू दिली. ऐशात परवान्याची मुदत सरत आली आणि जुगनरावांस एकच घोर लागला की, आपण गेलो तर हीस मोरीपर्यंत नेणार कोण?

मग कोणी सांगितले की, दस्तकवाल्यांच्या जोडीदारासही दस्तक मिळते, लग्न मात्र खरे असावे. जुगनरावांनी कंबर बांधोन मोहीम मांडिली. पहिल्याच चढाईस अर्जास जोडिलेली तसबीर माघारी आली. भिंत पांढरी, सदरा पांढरा, केस पांढरे आणि धनी मूळचेच गोरे, कारकून म्हणाला, "साहेब, यात तुम्ही कुठं संपता आणि भिंत कुठं सुरू होते, तेच कळेना." मग शेजारणीची फिकट निळी चादर मागे धरोन दुसरी तसबीर काढिली, ती मंजूर जाहली, आणि दोघांस मुलाखतीचे बोलावणे आले.

बाईंस चाकांच्या खुर्चीत बसवोन कचेरीत नेले. तेथील कारभारीण तांबवेकरबाई, नजर करडी. त्यांनी दोघांस वेगवेगळे बोलाविले आणि आधी बाईंस पुसिले, "यजमान सकाळी काय घेतात?" बाई म्हणाल्या, "चहा. आल्याचा. लग्नापासून." मग जुगनरावांस तोच सवाल केला. सरकारात खोटे बोलू नये ऐसे ते मनाशी घोकून आले होते, म्हणाले, "कॉफी. काळी." कारभारणीने लेखणी खाली ठेविली. "उत्तरं जुळत नाहीत, साहेब. हे बरं नव्हे."

दोघांस समोरासमोर आणिले. बाई कडाडल्या, "अहो, कॉफी? मग मी रोज करून द्यायची तो चहा कुठं जायचा?"

जुगनराव मान खाली घालोन म्हणाले, "तुळशीला."

"म्हणून वाळली ती! आणि मी शेजारणीच्या बोक्याला शिव्या घातल्या!"

"कुमुद, तुझा चहा म्हणजे काढा असतो."

"तीस वर्षं तोंड शिवलं होतं का तुमचं?"

मग जे रण माजले ते काय वर्णावे! मराठी अपुरी पडों लागली तेव्हा जुगनराव आपल्या मुलखाच्या भाषेत शिरले, आणि बाईंनी तेथेही पाठलाग केला, आणि शिपाई दाराशी येऊन उभे राहिले. या धुमश्चक्रीत बाईंचा पाय खुर्चीच्या पायठाणीवरोन घसरला. जुगनराव बोलता बोलता वाकले, पाय अलगद उचलोन नीट ठेविला, पातळाचा काठ चाकातून सोडविला. आणि बाईंनी भांडता भांडता त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन बैठक सावरिली. आपण काही केले, हे दोघांसही कळले नाही. कारभारणीस कळले.

"काकू," त्या म्हणाल्या, "उरलेलं घरी भांडा. माझं विचारून झालं." आणि लेखणी उचलोन अनुकूल शेरा लिहिला.

पुढे तपासाचे सोपस्कार जाहले, आणि मुदत सरण्यापूर्वी दस्तकाची निळसर पुस्तिका घरी पोहोचली. सारांश, जुगनरावांनी या राज्यात मत देऊ नये, शेतजमीन विकत घेऊ नये, राजपदाची इच्छा धरू नये. बाकी सर्व मुलूख त्यांस जन्मभर मोकळा जाहला. गुढीपाडव्यास बाई काठी टेकोन प्रथम अंगणात उतरल्या, आणि जुगनराव हात पुढे धरोन मागोमाग चालले. तूर्त तितकाच मुलूख त्यांनी पादाक्रांत केला, आणि तितक्यावरच परम संतोष पावले.