विचाराधीन कुंडी

कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, रबराच्या झाडाची एक कुंडी होती. ती संचालकसाहेबांनी स्वतःच्या हातांनी लावली होती. म्हणजे कुंडीला हात लावून फोटो काढला होता. त्यामुळे हे झाड जगणं हा कार्यालयीन धोरणाचा भाग होता. ते जगवण्याची जबाबदारी परिपत्रक क्रमांक अकरानुसार आस्थापना शाखेच्या भाऊसाहेबांवर आली. एकोणीस वर्षं एकाच खुर्चीत काढल्यावर त्यांची अधीक्षकपदाची बढती दारात उभी होती, आणि संचालकसाहेब शिफारसीवर सही करणार होते ते सहा महिन्यांनी झाड पाहायला येतील तेव्हाच.

जबाबदारी अंगावर आली की ती वाटून टाकावी, हे भाऊसाहेब नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. त्यांनी पाच शाखांना एकेक वार नेमून दिला आणि कुंडीशेजारी सुतळीने नोंदवही बांधली. तिच्यात चार रकाने होते: दिनांक, काय दिले, किती दिले, सही. रकाना कोरा राहिल्यास लेखी खुलासा मागवण्यात येईल, असं तळाशी लाल शाईत लिहिलं होतं.

खुलासा लिहिण्यापेक्षा खत टाकणं सोपं. सोमवारी लेखा शाखा युरिया टाकी, मंगळवारी आवक-जावक शाखा बाटलीतलं खत ओती, बुधवारी भांडार शाखा शेणखत लोटून मोकळी होई. नियोजन शाखेकडे काहीच नसल्यामुळे ती गुरुवारी उरलेला चहा ओतून ‘सेंद्रिय द्रावण, दोन कप’ अशी नोंद करी. शुक्रवारच्या विधी शाखेने आधीच्या चौघांचं पाहून सगळंच थोडं थोडं टाकलं, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवायला नको.

दोन महिन्यांत पानांच्या कडा करपल्या आणि मातीवर पांढरा थर धरला. पाचही शाखाप्रमुखांच्या समितीने पाहणी करून ‘अशक्तपणा’ असा शेरा मारला आणि मात्रा दुप्पट केली. पानं गळू लागली. खरं सांगायचं तर भाऊसाहेबांचा जीव आता नुसता बढतीत राहिला नव्हता. एखादं पान गळलं की ते गुपचूप उचलून खणात ठेवत आणि दिवसभर त्यांना चुकल्यासारखं वाटे.

शेवटी माती तपासायला पाठवली. मातीचा सामू, म्हणजे आंबटपणा वाढला की खाली जाणारा आकडा, साडेचार आला. तो साडेसहाच्या आसपास हवा होता. आंबटपणावर उतारा म्हणून चुना मंजूर झाला आणि कोणावर अन्याय नको म्हणून पाचही शाखांनी तो आपापल्या वारी पूर्ण मात्रेत घातला. सामू साडेआठावर गेला. तेव्हा सम तारखांना चुना आणि विषम तारखांना व्हिनेगर, असा तोडगा निघाला. त्यानंतर महिन्याची सरासरी बरोब्बर साडेसहा आली. अहवालावर सर्वांनी आनंदाने सह्या केल्या. झाडाला तेव्हा चार पानं उरली होती.

आवारातले माळीकाका जिना चढून वर आले, वाकून मातीचा वास घेतला आणि नाक मुरडून उभे राहिले.

“भाऊसाहेब, याला अपचन झालंय. वरची माती खरवडून टाका, भरपूर साधं पाणी ओता, खालच्या भोकातून वाहून जाऊ द्या. मग कुणी हात लावू नका. माती सुकली की पेलाभर पाणी घालायचं, बास.”

“आणि रकान्यात काय लिहू?”

“काही नाही.”

“अहो, ‘काही नाही’ला रकाना नाही.”

“मग झाडालाच रकान्यात लावा,” असं म्हणून माळीकाका जिना उतरले.

भाऊसाहेब कपाळाला हात लावून बसले. समोर उघडं कपाट होतं. खालच्या कप्प्यात सात वर्षांपूर्वीची एक फाइल होती. ती विचाराधीन असल्यामुळे कोणी उघडली नव्हती, हलवली नव्हती, तिच्यावर चहासुद्धा सांडला नव्हता. कार्यालयात धडधाकट म्हणावी अशी ती एकच वस्तू होती. भाऊसाहेब ताडकन उठले.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आणि माळीकाकांनी कुंडी मोरीत नेऊन अर्धा तास धुतली आणि ताजी माती भरून जागेवर ठेवली. मग भाऊसाहेबांनी खोडाला लाल फीत बांधून वर चिठ्ठी लावली: ‘प्रकरण विचाराधीन. निर्णय होईपर्यंत कोणीही कार्यवाही करू नये.’ कोणत्या शाखेचं खत आधी घालावं, अशी विचारणा त्यांनी मुख्यालयाला रीतसर पाठवून दिली. आता निदान वर्षभर तरी घोंगडं भिजत राहणार होतं.

सोमवारी लेखा शाखेच्या बाई युरिया घेऊन आल्या, चिठ्ठी वाचून दोन पावलं मागे सरकल्या.

“विचाराधीन आहे का? मग मी नाही बाई हात लावत. उद्या अंगाशी यायचं.”

माळीकाका अधूनमधून पाणी घालत. साधं पाणी ‘कार्यवाही’त मोडत नसल्यामुळे त्याला हरकत घेता येत नव्हती. चौथ्या आठवड्यात शेंड्याला कोवळी लालसर सुरळी आली. ती उलगडताना पाहून भाऊसाहेबांना भरून आलं. एकोणीस वर्षांत त्यांच्या हाताखाली पहिल्यांदाच काहीतरी वाढलं होतं.

ठरल्या दिवशी संचालकसाहेब आले. नवी आठ पानं बोटाने मोजली.

“वा! याला तुम्ही दिलंत तरी काय?”

भाऊसाहेबांनी सुतळीने बांधलेल्या नोंदवहीकडे पाहिलं. पाच शाखाप्रमुख मागे रांगेत उभे होते. पण त्या चकचकीत पानांसमोर भाऊसाहेबांना खोटं बोलवेना.

“काही नाही, साहेब. काहीच दिलं नाही.”

“विनय आहे तुमच्यात,” असं म्हणून साहेबांनी शिफारसीवर सही केली, आणि लगोलग आदेश दिला: यशाबद्दल प्रत्येक शाखेने या झाडाला एकेक किलो उत्तम खत भेट द्यावं. अधीक्षक म्हणून भाऊसाहेबांपुढे आलेला तो पहिलाच कागद. त्यांनी तो लक्षपूर्वक वाचला, लाल फीत बांधली आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवला.

हे वाचता वाचता आपली नजर खिडकीतल्या कुंडीकडे गेली असेल, आणि तिच्यासाठी आजच काहीतरी करायला हवं असं वाटून आपण अर्धवट उठलाही असाल. बसा. काही न केल्याचा खुलासा आपल्याकडे कोणीही मागितलेला नाही.