सगुणाबाईंचे समुद्रापारचे यंत्र

॥ श्री ॥ चुलीतला अग्नी आणि तारेतली वीज, उभयतांस दंडवत घालून हे वर्तमान लिहिले असे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमीस राजकन्येचे लग्न नेमिले आणि तीनशे पाने पुरणपोळीची व्हावी ऐसी महाराजांची आज्ञा जाहली. मुदपाकखान्याच्या मुख्य सगुणाबाई. तीस वर्षे राजघरची कणीक त्यांनीच तिंबली. परंतु त्या साली उजवे मनगट ऐसे धरले की तांब्या उचलतां डोळां पाणी यावे, आणि मुदपाकखाना सुटेल या धास्तीने बाई कोणासी बोलल्या नाहीत. एकुलता पुत्र विसोबा समुद्रापार नोकरीस होता, त्यास मात्र टेलिफोनवर कण्हणे ऐकू गेले, आणि त्याने कणीक मळण्याचे यंत्र धाडिले, ते लग्नाचेच दिवशी प्रातःकाळी दाखल जाहले. बाईंनी ते पदराने पुसले आणि पाहतात तो पिना दोन, चपट्या. राजवाड्याच्या सॉकेटांत शिरेनात. तेव्हां खासगीचे कारभारी दाजीबा, तोच समुद्रापारचा मुलूख पाहून आलेले, पुढे सरसावोन म्हणाले, "इतकेच ना? मजजवळ पिनेचा जोड आहे. लावा आणि फिरवा!" बाई म्हणाल्या, "आधी तुमचे काही लावून दाखवा, दाजीबा. हे माझ्या लेकाने पाठवलंय." मग दाजीबांनी तिकडूनच आणिलेले केस वाळविण्याचे यंत्र मागविले, जोड चढविला, खटका दाबिला आणि आरशापुढे उभे राहिले. यंत्र गर्जले, आंतील तार लालबुंद जाहली, आणि मग फट् करून धूर निघाला व डावी मिशी निम्मी होरपळली. वीजखान्याचे मानाजी धावत आले, आधी मेन स्विच पाडिला, मग पिन उपटली, आणि म्हणाले, "साहेब, जोडाने पिनेचा आकार बदलतो, विजेचा जोर नाही बदलत. तिकडे एकशेवीस व्होल्ट, आपल्याकडे दोनशे तीस!" बाईंनी विचारिले, "म्हणजे माझं यंत्र फुकट गेलं?" "फुकट कसं जाईल, बाई? मधे जोर उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घालू." मग मानाजींनी यंत्र उलथे करून पाटी वाचिली, तीनशे वॅट पाहिले, आणि मोटार सुरू होतां अधिक ओढते म्हणोन दुप्पट ताकदीचा, अर्थिंग असलेला ट्रान्सफॉर्मर आणिला, मीटर लावून एकशेवीसची खात्री केली आणि मगच यंत्र जोडिले. "थोडे थोडे पीठ घाला, तापले तर थांबवा," ऐसे बजावोन बाजूस जाहले. बाईंनी डाव्या हाते खटका दाबिला. यंत्र संथ घुमो लागले आणि कणीक लोण्यासारखी सुटली. बाईंस हंसू आवरेना आणि रडूंही. इतक्यांत दाजीबा विजेची किटली घेऊन आले, "हीही त्याच ट्रान्सफॉर्मरवर लावू". ती पंधराशे वॅटांची, ट्रान्सफॉर्मर सहाशेचा. मानाजींनी नुसते मिशीकडे पाहिले आणि किटली परत गेली. माध्यान्ही तीनशे पाने निर्वेध जाहली. महाराजांनी पोळीची तारीफ करितां बाईंनी मनगटाचे आणि यंत्राचे खरे ते सांगितले. महाराज म्हणाले, "बाई, कणीक कोणीही मळो, चव तुमची. मुदपाकखाना तुमचाच." आणि आपणाशेजारी पाट मांडविला. तीस वर्षे वाढीत आलेल्या बाई त्या दिवशी पहिल्या पंक्तीस बसल्या, आणि पोळीवर तूप महाराजांनी स्वहस्ते वाढिले.

येणेप्रमाणे यंत्र वांचले, लग्न पार पडले आणि सगुणाबाई गरम पोळी जेवल्या. इति.