वामनच्या मापाचा जमीनदार

रशीदभाई नाटक बसवताना वेळ इंचांत मोजायचे. "सर, 'चालता हो' म्हटल्यावर दोन इंच थांबा. मंग वळा." मेहकरात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि आमच्या हौशी नाटकमंडळीचे दिग्दर्शकही तेच. तोंडात टाचण्या धरून सूचना द्यायचे, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती होत नसे. एखादी गिळली तर?

त्या साली कपाशीवर बोंडअळी पडली. बियाण्याच्या पाकिटावर अळी लागणार नाही असं छापलेलं होतं. अळीला वाचता येत नसावं. आमच्या नाटकातला जमीनदार, म्हणजे वामन, खरा तीन एकरांचा धनी. तो पुण्याला वॉचमनच्या कामाला गेला. प्रयोगाला चार दिवस उरलेले. तालमीत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग करणारा मी, शाळेतला मास्तर, मलाच संवाद पाठ. मी जमीनदार झालो.

वामन दाराएवढा, मी कडीएवढा. त्याच्या कोटात मी शिरलो तरी आत आणखी एका नटाची सोय होती.

"वामन इथं खाकरायचा," रशीदभाई म्हणाले.

मी खाकरलो.

"तसं नाई. त्याचं खाकरणं रुंद होतं."

नाटकात माझ्या बायकोचं काम करणाऱ्या शोभाताई शेवटी म्हणाल्या, "भाई, कोट कापा न. सर आत सापडून नाई राह्यले मले."

रशीदभाईंनी न कापता कोटाच्या पाठीत चार टाचण्या खोचल्या. वाकलं की टोचायचं, म्हणून मी ताठ चालू लागलो. "आता आले जमीनदार," ते खूश झाले. थोरामोठ्यांचा ताठपणा कुठून येतो, ते मला तेव्हा कळलं.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो. "भाई, टाचण्यांवर तीन अंक निघायचे नाहीत. लोक हसतील, नाटक पडेल. कापून टाका." आणि कात्री मीच उचलली.

त्यांनी ती काढून घेतली. मग तोंडातल्या टाचण्या एकेक करून बाहेर ठेवल्या.

"कापेल कपडा वाढत नाई, सर. काल वामन्याचा फोन आल्ता. इचारत होता, कोट कोणाले देला? म्हटलं, कोणालेच नाई. ठेवला हाय तुह्यासाठी."

"मग मी काय घालू?"

"तोच घाला. त्याले सांगू नका फक्त."

संध्याकाळी पहिली घंटा झाली. विंगेत मला उभं करून रशीदभाई पाठीमागे बसले आणि जादाचं कापड आत दुमडून शिवू लागले. टाके लांब, सैल, एका ओढीत निघतील असे.