दत्तोबा येळवंडे यांचं प्रमाणित उड्डाण

माणसाला हवेत उडता येणं ही निसर्गाची कृपा असेल. पण आपण उडालो हे सिद्ध करता येणं ही सर्वस्वी दर्जा विभागाची कामगिरी आहे. चाकण एमआयडीसीच्या दुसऱ्या फेजमध्ये ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत हे तत्त्व जितक्या भक्तिभावाने पाळलं जातं, तितकं क्वचितच कुठे पाळलं जात असेल.

या कंपनीच्या गेज रूममध्ये दत्तोबा येळवंडे तीस वर्षं होते. गेज रूम म्हणजे मोजायची साधनं स्वतः खरं बोलतात की नाही, हे तपासणारी खोली; या तपासणीला तिथे कॅलिब्रेशन म्हणतात. दत्तोबांची सही झाल्याशिवाय फूटपट्टीलासुद्धा तिथे कुणी फूटपट्टी म्हणत नसे. एकतीस मे रोजी ते निवृत्त होणार होते आणि त्याआधी त्यांना एकदा उडायचं होतं. लहानपणी घरच्या कांद्याच्या मळ्यात उताणं पडून त्यांनी घारी पाहिल्या होत्या. पंख न हलवता त्या इतका वेळ वर कशा राहतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटली होती.

कंपनीच्या करमणूक मंडळाने पॅराग्लायडिंगची शाखा काढली, तेव्हा पहिला अर्ज दत्तोबांचा होता. सहा रविवार त्यांनी कामशेतजवळच्या टेकडीवर गुडघे फोडून घेतले आणि प्रशिक्षक मोनिकाकडून "काका, आता तुम्ही तयार आहात" हा शेरा मिळवला. हे नोव्हेंबरात झालं. मंडळाचा लाभ फक्त नोकरीत असलेल्यांना होता. म्हणजे हातात सहा महिने होते (भरपूर).

अडचण एवढीच होती की हवेत असताना आपण वर चाललो की खाली, हे डोळ्यांना नीट कळत नाही. त्यासाठी उडणारे लोक मोबाइलवर एक ॲप ठेवतात. वर जाऊ लागलं की ते टिवटिवतं, खाली येऊ लागलं की रडका सूर लावतं. "कुठलंही चांगलं घ्या," मोनिका म्हणाली. असं बेजबाबदार वाक्य दत्तोबांच्या कानावर पूर्वी कधी आलं नव्हतं. शाखेच्या बैठकीत त्यांनी स्वतःच हात वर केला.

"तपासल्याबिगर साधन वापरायचं न्हाई. नियम हाय."

नियम खराच होता. तो त्यांनीच लिहिला होता.

लगेच निवड समिती स्थापन झाली. सचिव म्हणून प्लॅनिंगमधला रविराज आला. वय एकोणतीस, आणि तक्ते असे देखणे करायचा की रिकामा तक्ताही भरल्यासारखा वाटे. समितीने अकरा ॲप आणि त्रेचाळीस निकष निश्चित केले. ॲपचा आवाज प्रेस शॉपमधल्या यंत्रांच्या खडखडाटात ऐकू येतो का, अहवाल ए-फोर कागदावर छापता येतो का, उघडताना पहिल्या पानावर सुरक्षेची घोषणा टाकता येते का, असे ते मूलभूत स्वरूपाचे होते. उडायला उपयोग होतो का, हा निकष एकोणचाळिसावा होता. वेळेअभावी तो पुढच्या टप्प्यात घेण्याचं ठरलं.

चाचणीसाठी उंची हवी होती. येळवंड्यांचा कांद्याचा मळा होता तिथे आता बारा मजली इमारत आहे आणि दत्तोबा तिच्या चौथ्या मजल्यावर राहतात. तिची लिफ्ट चाचणी-केंद्र म्हणून घोषित झाली. शास्त्रानुसार तीन माणसं, दहा मजले, प्रत्येकी तीन वेळा, म्हणजे एका ॲपला नव्वद फेऱ्या. अकरा ॲपना नऊशे नव्वद. (या काळात इमारतीतल्या रहिवाशांची प्रकृती सुधारल्याचं आढळलं. ते जिन्याने जात होते.) एका ॲपने दहाव्या मजल्यावर असताना समिती देहूत असल्याचं दाखवलं, तेही घाटाच्या चार मीटर खाली, थेट नदीच्या पोटात. ते बाद झालं, पण एकमताने नाही.

उरलेल्यांत जे सरस ठरलं, त्याच्या निर्मात्याला रविराजने परदेशात ईमेल पाठवून उत्पादन-प्रक्रियेचा आराखडा मागितला. तो बिचारा एकटा माणूस, नोकरी सांभाळून घरी बसून ॲप बनवणारा. त्याचं उत्तर आलं: "हवा चांगली असेल तर उडा." हे उत्तर 'अपूर्ण माहिती' म्हणून फाइलला लावण्यात आलं आणि फेब्रुवारी संपला.

मे महिन्यात ॲपला मंजुरी मिळाली. मोबाइलवर हिरवं स्टिकर लागलं, त्यावर दत्तोबांची सही. किमान पाच मिनिटांची नोंद झाली तरच उड्डाण ग्राह्य, असंही ठरलं. शेवटच्या रविवारी उतरत्या दुपारी वारा टेकडीवर सरळ येत होता. दत्तोबा चार पावलं धावले आणि पाचवं पाऊल टाकायला जमीनच उरली नाही.

मोबाइल टिवटिवला. मग उन्हाने तापून बंद पडला.

आधी दत्तोबा हिरव्या स्टिकरकडेच पाहत राहिले. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की हवा उचलते तेव्हा बूड आधी सांगतं. डाव्या मांडीखाली ढकललं गेलं की ते डावीकडे वळत आणि वर जात. खाली पवनेचं पाणी होतं, बाजूला एक घार होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि काही हरकत घेतली नाही. दत्तोबा मोठ्याने हसले. आयुष्यात इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

उतरल्यावर मोनिका धावत आली. "काका, सव्वीस मिनिटं! मी सगळं पाहिलं!"

रविराजने मोबाइल गार करून नोंद काढली होती. तो ओशाळून म्हणाला, "काका, रेकॉर्डला तीन मिनिटं दहा सेकंदच आहेत. पण मॅडमनी पाहिलंय ना, मी टाकतो सव्वीस."

"आसं कसं?" दत्तोबा म्हणाले. "त्यांच्या डोळ्यांचं कॅलिब्रेशन कवा झालंय?"

दत्तोबांनी खिशातून पेन काढलं आणि आपल्या उड्डाणाच्या अहवालावर 'नामंजूर' लिहून खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली. याची रविराजने नंतर निरोपसमारंभात मुद्दाम नोंद घेतली.

घरी अंबूबाईंनी दारातच नवऱ्याला विचारलं, "मंग? कसं वाटलं वर?"

दत्तोबांनी मोबाइल काढला, ॲप उघडलं आणि चष्मा लावून नीट पाहिलं.

"तीन मिनिटं धा सेकंद," ते म्हणाले, "बरं वाटलं."

सुज्ञ वाचकांना ही कथा कशी वाटली, हे त्यांनी घाईने ठरवू नये. आधी ती किती जणांना आवडली तो आकडा पाहावा, आणि मगच हसू आलं होतं की नाही ते आठवावं.