वहीतले चार इंच

मास्तरांनी त्या सकाळी एक साधासा निर्णय घेतला आणि मापाची वही लेकीच्या हातात दिली. वहिनींचं (गिऱ्हाईकं मास्तरांच्या बायकोला वहिनीच म्हणत, आपणही तेच म्हणू) उजवं मनगट मुरगळलं होतं. लेक सुट्टीवर घरी आलेली, अक्षर सुरेख, आणि दोन दिवसांचा तर प्रश्न होता.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे सव्वीस वर्षं एक रीत चालत आली होती. मास्तर टेप लावून आकडा मोठ्यानं सांगत आणि वहिनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तो वहीत उतरवत. खांदा, बाही, उंची खरी. पोटाचा आकडा मात्र मास्तर चार इंच कमी सांगत आणि वहिनी मुकाट्यानं चार मिळवून लिहीत. दुकानात चार माणसं बसलेली असताना कुणाच्या पोटाची जाहिरात कशाला करायची? हे दोघांनी कधी बसून ठरवलं नव्हतं. त्यामुळे लेकीला सांगायचंही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मास्तरांना एक घमेंड होती. माणूस दारात दिसला की त्याचं माप आणि त्याचा स्वभाव दोन्ही आपल्याला कळतं, असं ते म्हणत. (मापाचं खरं असे. स्वभावाचं न विचारलेलं बरं.) स्वतःचं पोट अडतीस आहे, हेही ते कुणी न विचारता सांगत. आपल्याच अंगाला आपण टेप लावली तर हात वाकडा पडून माप चुकतं, म्हणून त्यांचे कपडे मापापासून बटणापर्यंत वहिनीच करत.

त्या दिवशी आलेल्या गृहस्थांना पाहून मास्तरांनी मनात ठरवून टाकलं, खाऊनपिऊन सुखी, आळशी गडी.

“परवा अकराला मुलाखत आहे, मास्तर,” गृहस्थ म्हणाले. “वीस वर्षं एका कारखान्याचं गोदाम सांभाळलं. कारखाना बंद पडला. वर्षभरात नऊ मुलाखती झाल्या. मी दार उघडतो, समोरची नजर पोटावर येते आणि मी खुर्चीत बसेपर्यंत तिथेच राहते. तोंडाकडे बघतात तोवर निकाल लागलेला असतो. निदान कोट तरी नीट बसावा.”

मास्तर ओशाळले. टेप गृहस्थांच्या पोटावर सेहेचाळीसवर जुळली. बाकावर तिघं जण कान टवकारून बसले होते.

“पोट, बेचाळीस!” मास्तरांनी ठणकावून सांगितलं.

गृहस्थ किंचित ताठ उभे राहिले. लेकीनं सुरेख अक्षरात बेचाळीस लिहिलं.

पुढचं सांगायला नको, पण सांगतो. वहीत असेल ते खरं आणि डोक्यात असेल ते विसरायचं, हा मास्तरांचा कापतानाचा नियम. त्यांनी बेचाळीसवर कात्री चालवली. ट्रायलला वेळ नव्हता. मुलाखतीच्या दिवशी नऊ वाजता गृहस्थांनी कोट अंगात घातला, तर बटण एकीकडे आणि काज दुसरीकडे, मध्ये चांगलं चार बोटं अंतर.

“दोन दिवसांत मी एवढा सुटलो?” गृहस्थांनी पोट आत ओढून पाहिलं.

मास्तरांनी वही ओढली. “तू बेचाळीस लिहिलंस?”

“तुम्हीच सांगितलंत, बाबा. केवढ्यांदा तरी!”

मास्तरांनी कोटाची शिवण उलटून पाहिली. उसवून सैल करावा तर आत जेमतेम दीड इंच कापड. गृहस्थ स्टुलावर बसले आणि कोट काढू लागले. “राहू द्या, मास्तर. जातच नाही मी. दहाव्यांदा तेच बघायचं ना?”

“तुमचा कोट द्या त्यांना,” आतून वहिनींचा आवाज आला.

“माझा? अगं, मी अडतीस! कोंडून जीव जाईल त्यांचा!”

“द्या म्हणते ना.”

बायकोनं एकदा ‘म्हणते ना’ म्हटलं की मास्तर वाद घालत नसत. त्यांनी कोट आणला. गृहस्थांनी तो चढवला, पहिलं बटण लागलं, दुसरं लागलं, तिसरंही लागलं. त्यांच्यासाठीच बेतल्यासारखा बसला. लेकीनं बटणांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. आतल्या दारात आलेल्या वहिनींनी डोळे वटारले तसं ते मिटलं.

“मास्तर, खरं सांगा,” गृहस्थ आरशात पाहत म्हणाले. “माझं माप किती?”

मास्तरांनी आवाज खाली आणला. “सेहेचाळीस.”

“मला माहीत होतं हो. घरी टेप आहे. पण परवा सगळ्यांसमोर तुम्ही बेचाळीस म्हणालात ना, वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी मला सांभाळून घेतलं. घरी जाईपर्यंत बरं वाटत होतं.”

या माणसाला आपण आळशी ठरवलं, याची मास्तरांना मनापासून लाज वाटली. त्यांनी त्याची कॉलर सारखी केली आणि दारापर्यंत सोडायला गेले.

संध्याकाळी गृहस्थ कोट हातावर घेऊन परत आले. नोकरी मिळाली होती.

“कोट बघून काय म्हणाले?” मास्तरांना राहवलं नाही.

“कोट कुठला बघतात! खोलीतला पंखा बंद होता. दारातच म्हणाले, कोट काढून निवांत बसा. मग तासभर गोदामाबद्दलच विचारत होते. पण त्या दारापर्यंत मी ताठ चालत गेलो, मास्तर, ते तुमच्या कोटामुळे.”

ते गेल्यावर मास्तरांनी आपला कोट खुंटीला अडकवला आणि त्याची तिन्ही बटणं एकेक करून लावली. शेवटी, सगळं उमगलेल्या माणसाच्या शांतपणानं त्यांनी विचारलं, “किती वर्षं माझ्या मापात चार इंच कमी सांगतेस?”

“चार?” वहिनी लेकीकडे बघत म्हणाल्या. “चार तर ही पाळण्यात होती तेव्हा. आता आठ कमी सांगते.”