डोमाजी कंडक्टरची फ्रान्सवाली

डोमाजी कंडक्टर नव्या उतारूला आधी तिकीट देत नसे. आधी तिकिटांच्या पेटीवर पंच टकटक वाजवी, मान तिरपी करी आणि विचारी, "फ्रान्सवाली चुकली का नाई?"

उतारू बिचारा गोंधळून जाई. "कोन फ्रान्सवाली जी? मले आसगावले जाचं आहे."

"आसगावले नेतोच ना तुले. पहिले ऐक." आणि मग तो उभ्या उभ्या, एका हाताने वरचा दांडा धरून, त्या बाईची सगळी हकिकत सांगे. ऐकून झाल्यावर उतारू म्हणाला, "चुकलीच की ते," तर डोमाजी त्याला मागच्या चाकावरच्या सीटवर पाठवी. तिथे बसलेल्या माणसाचं डोकं आसगाव येईपर्यंत तीनदा टपाला लागायचं. "नाई चुकली" म्हणणाऱ्याला खिडकी मिळे. कॉलेजची पोरं हुशार होती. ती गाडीत पाय ठेवतानाच "नाई चुकली, नाई चुकली!" असं ओरडत चढत आणि खिडक्या पटकावून मोकळी होत.

ही गोष्ट पवनी–लाखांदूर गाडीची. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरची. नवऱ्याची नोकरी पवनीत आणि माझी शाळा लाखांदूरला, त्यामुळे रोज सकाळी मी त्या गाडीत असे. पहिल्याच दिवशी त्याने मलाही तो प्रश्न विचारला. मी शिक्षिका, विचार करून उत्तर दिलं. म्हटलं, "चूक तिचीही आहे आणि परिस्थितीचीही."

डोमाजीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मास्तरीणबाई, तुमी मधात बसा," तो म्हणाला. "खिडकी बी नाई, चाक बी नाई."

फ्रान्सवाली त्याला गाडीतच सापडली होती. कोणी तरी मागच्या सीटवर एक जाडजूड पुस्तक विसरून गेलं. डोमाजीने ते डेपोत जमा केलं. न्यायला कोणी आलं नाही. शेवटी त्यानेच ते घरी नेलं. पुढची पानं फाटलेली, त्यामुळे पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचं नाही. मागचं कव्हर तेवढं शाबूत होतं आणि त्यावर छापलं होतं, की हा फ्रेंच भाषेतल्या एका अजरामर कादंबरीचा मराठी अनुवाद आहे. त्यातली नावं डोमाजीच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्याने आपली नावं ठेवली. बाई ती फ्रान्सवाली. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून तो घड्याळजी. आणि गावात गाणं शिकवायला आलेला एक रुबाबदार माणूस, तो मिशीवाला.

फ्रान्सवाली काही साधीसुधी नव्हती. खोटं बोले. नटे. मोलकरणीवर हात उगारी. लेकीच्या बारशाची चांदीची वाटी मोडून तिने स्वतःला हातमोजे आणले होते. एक दिवस घड्याळजीला आणि चार वर्षांच्या लेकीला टाकून ती मिशीवाल्याबरोबर निघून गेली. डोमाजी यातलं काहीही लपवत नसे. हातमोज्यांचा भाग तर तो फार रंगवून सांगे. पण कोणी तिला नावं ठेवायला लागलं, की त्याचा आवाज चढे.

"अन् घड्याळजी काय करत होता? साऱ्या गावचे घड्याळं दुरुस्त करते लेकाचा! घरातली बाई बंद पडली, ते नाई दिसलं त्याले?" एवढं बोलून तो खिडकीतून बाहेर थुंके. घड्याळजीचं नाव निघालं की थुंकायचं, हा त्याचा नेमच होता. खिडकीजवळचे लोक नाव निघण्याआधीच डोकं आत घेत.

त्याचं पुस्तक मागून मागून पुष्कळांनी वाचलं. आमच्या मुख्याध्यापकांनी ते वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेलं, दोन महिने ठेवलं आणि परत देताना गंभीर चेहऱ्याने बजावलं, "डोमाजी, हे मुलींच्या हाती पडू देऊ नका." डोमाजीने पानं चाळली, तर नाचाच्या प्रसंगावर हळदीचं बोट उमटलेलं. त्याला कोण आनंद झाला! तो ते पान गाडीभर दाखवत फिरला. "मुख्याध्यापकीनबाईनं बी वाचली! सयपाक करता करता वाचली!" डेपोतल्या साहेबांनी फक्त मिशीवाला येतो तेवढीच पानं वाचली होती. त्या पानांचे कोपरे दुमडलेले होते. माझ्या नवऱ्याने ते एका रविवारी वाचून काढलं आणि संध्याकाळी उगाचच मला विचारलं, "तुला इथे कंटाळा तर येत नाही ना?"

फ्रान्सवालीची सगळ्यात कडवी वैरीण म्हणजे चंद्रभागाबाई. धिवराची म्हातारी, तळ्यातली मासोळी टोपलीत घालून लाखांदूरच्या बाजाराला नेणारी. तिने चाकावरची सीट आपणहून घेतली होती. "अशा बाईले मी असती तर मासोळीवानी कापली असती," ती म्हणे. "लेकरू टाकून जाते? कुत्री बी पिल्लं नाई टाकत."

"तुमी तिच्या घरी राहाले गेल्या होत्या का वो?" डोमाजी विचारी.

"तू गेला होता का?"

यावर डोमाजी नसलेलं तिकीट पंच करी.

कथेचा शेवट मात्र तो कधीच सांगत नसे. मिशीवाला तिला टाकून देतो, बाई थंडीच्या दिवसांत पायी आपल्या गावी परत येते, आपल्या दारासमोर उभी राहते, इथे तो थांबे. "मंग?" सगळे विचारीत. "मंग काय, लाखांदूर आलं, उतरा," डोमाजी म्हणे. लाखांदूर अजून दोन कोस लांब असे. पुस्तक वाचलेल्या आम्हा सगळ्यांनाही त्याने ताकीद दिली होती, की शेवट कोणाला सांगायचा नाही.

पौष महिन्यात एका सकाळी आमची गाडी एका तळ्याजवळ पंक्चर झाली. कडाक्याची थंडी होती. ड्रायव्हर जॅक लावून बसला. लोकांनी जवळच्या खळ्यावरून तणस आणून शेकोटी पेटवली आणि आम्ही सगळे भोवती बसलो. डोमाजीला पळायला आता जागा नव्हती.

चंद्रभागाबाईने शेकोटीवर हात धरले. "आता कुठी जातं? सांग शेवट. मेली का जगली तुयी फ्रान्सवाली?"

डोमाजीने खांद्यावरच्या पिशवीतून पुस्तक काढलं. शेवटचा भाग उघडला. मग त्याने पुस्तक माझ्यापुढे धरलं. "मास्तरीणबाई, तुमी वाचा."

मी वाचलं. बर्फ पडत असतं. बाई दार ठोठावते. घड्याळजी दिवा हातात घेऊन दाराच्या आत उभा असतो. तिला फटीतून उजेड दिसतो. ती लेकीला हाक मारते. लेक झोपलेली असते. घड्याळजी फुंकर मारून दिवा विझवतो आणि काळोखात तसाच उभा राहतो. सकाळी दूधवाला येतो, तेव्हा बाई उंबऱ्यावर बसलेली असते, केसांत बर्फ साचलेलं, आणि ती मेलेली असते.

शेकोटीजवळ कॉलेजची पोरंसुद्धा खाली बघत होती. नेहमी चाकावर बसणारा एक शेतकरी पुटपुटला, "अरारारा."

मग चंद्रभागाबाई बोलली. तिचा आवाज तसाच करडा होता. "चूक तिचीच. काल बी म्हनलं, आज बी म्हनतो." तिकडे म्हाताऱ्या बायका कधी कधी असं पुरुषासारखं बोलतात. "पन दार उघडाले पायजे होतं. शिव्या द्याच्या होत्या, दोन थापडा माराच्या होत्या. पन दार उघडाचं. मानूस दारात येते तेवा त्याले आत घेतात. मंग काय भांडाचं ते भांडाचं."

"हो बाप्पा," दोघं-तिघं म्हणाले. "उघडाले पायजे होतं."

डोमाजी उठून गाडीच्या मागे गेला. बराच वेळ आला नाही, म्हणून मी पुस्तक द्यायला गेले. तो टोपी हातात घेऊन तळ्याकडे तोंड करून उभा होता.

"मास्तरीणबाई," मागे न बघताच तो म्हणाला, "मी नाई उघडलं."

"काय?"

"दार." त्याने टोपीने डोळे पुसले. "मायी बायको, देवका. आमच्याकडं नाटक आलं होतं, त्यातल्या पेटीवाल्यासंगं गेली. पोट्टं दोन वर्साचं होतं. चार महिन्यांनी वापस आली. वैशाखाचं ऊन. मी आतून कडी लावून बसलो. सकाळपासून पायरीवर बसली होती ते. पानी बी नाई मागतलं. मायी माय उठली अन् मले ढकलून कडी काढली. म्हने, तुले बायको नको असन, पोट्ट्याले माय पायजे. माय नसती तर मी उघडलं असतं का, मले आजवरी मालूम नाई."

"आता कुठे असतात त्या?" मी विचारलं.

"घरीच. मी तिले उलटं बोललो नाई कधी. पन अंगनाच्या बाहेर पाय नाई टाकला तिनं तेवापासून. कोनाचं लगन नाई, बाजार नाई. सख्खी बहीन आहे लाखांदूरले, तिच्याकडं नाई. म्हनते, लोकं थुकतीन. मंग हे पुस्तक भेटलं. संध्याकाळी चुलीपाशी वाचून दाखवत होतो. शेवट वाचला तेवा मी घाबरलो. वाटलं, रडन, नाई तर मले शिव्या देईन."

"मग?"

"एवढंच म्हने, 'लय थंडी असन तिकडं.' अन् उठून पोट्ट्याच्या अंगावर गोधडी टाकली."

गाडीच्या पुढून ड्रायव्हरने हॉर्न दिला. डोमाजीने टोपी डोक्यावर ठेवली, नीट केली.

"सारे म्हनतात, डोमाजी बह्याड झाला फ्रान्सवालीपायी. मले तिचं काय कराचं आहे, मास्तरीणबाई? ते तर मेली. मले पाहाचं होतं, की देवका या गाडीत चढली, तर हे लोकं तिले बसू देतीन का नाई."

त्यानंतर आठवडाभर त्याने कोणालाही प्रश्न विचारला नाही. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. पोरं ओरडत चढली, तर तो नुसतं "बसा, बसा" म्हणे.

मग एका बाजारच्या दिवशी, गाडी पवनीच्या स्टँडवरून निघायच्या बेतात असताना, एक बाई दाराशी आली. चाळिशीची असेल. घडीचं हिरवं लुगडं, हातात पिशवी, आणि नजर पायरीवर खिळलेली. तिच्यामागे डोमाजी उभा होता, खाकी कपड्यांत, अंग चोरून. बाईने एक पाय पायरीवर ठेवला आणि तिथेच थांबली. गाडी भरलेली होती. सगळे तिच्याकडे बघत होते. मी सरकायला लागले, पण माझ्या बाजूला तीन बायका आधीच कोंबलेल्या होत्या. आता कोणी काही बोललं तर ही बाई मागे फिरेल आणि पुन्हा कधी बाहेर पडणार नाही, एवढं मला कळत होतं.

मागून टोपली सरकल्याचा आवाज आला.

"इकडं ये वो देवका," चंद्रभागाबाई म्हणाली. "उभी काहून आहेस? गाडी तुयासाठी थांबून राहिली का दिवसभर?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की म्हातारीला तिचं नाव ठाऊक होतं. तिलाच काय, गाडीतल्या अर्ध्या लोकांना ठाऊक असणार. मीच एकटी परगावची.

देवका आली आणि चाकावरच्या सीटवर टेकली. लुगड्याचा पदर नाकाशी गेला, तो तिने लगेच खाली घेतला.

"मासोळीचा वास येते का?" चंद्रभागाबाईने विचारलं.

"थोडासाक."

"येऊ दे. सवय होते." म्हातारीने टोपली आणखी आत ढकलली. "कुठी जातं?"

"लाखांदूरले. बहिनीकडं."

"जा. तुयी बहीन सुकून गेली वाट पाहू पाहू. चार मासोळ्या देतो, घेऊन जा."

पुढच्या सीटवरच्या शेतकऱ्याने मागे वळून विचारलं, "पोट्टा कितवीत आहे आता?" देवकाने सांगितलं. कोणीतरी म्हणालं, बापावर गेला आहे. कोणीतरी म्हणालं, नाही, आजीवर. गाडी सुरू झाली, आणि त्या बोलण्याला इतर बोलणी मिळत गेली: धानाची, कोणाच्या तरी बैलाची, बाजाराच्या भावाची. मला फार हायसं वाटलं. डोमाजी दाराजवळच्या दांड्याला टेकून उभा होता. तिकिटं फाडायचीसुद्धा त्याला आठवण नव्हती.

थोड्या वेळाने मी मागे पाहिलं. देवका झोपली होती. आदल्या रात्री तिला झोप लागली नसावी. मान चंद्रभागाबाईच्या खांद्यावर पडली होती, आणि खड्डा आला की म्हातारी एका हाताने तिचं डोकं सावरत होती.

आसगावला गाडी थांबली. दोघं जण आपसांत मोठमोठ्याने भांडत चढले. डोमाजी झपकन पुढे झाला आणि त्याने दोघांच्या मध्ये हात घातला.

"हळू बोला गा," तो म्हणाला. "बाई झोपली आहे."