दैवत स्वतंत्रपणे कळविण्यात येईल

हेमंतला एक धर्म तयार करायला साधारण चार दिवस लागत. त्यातले तीन दिवस देव कोणता ठेवायचा या वादात जात.

वाद घालायला समोर जुनेद असे. जुनेदच्या वडिलांचं, नूरमोहम्मदचाचांचं, जव्हारच्या बाजारपेठेत कुलपं, कोयंडे, दोर आणि बादल्यांचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत जुनेदनं दोन कॉम्प्युटर मांडून टायपिंग आणि झेरॉक्स सुरू केलं होतं. त्यातल्या एकावर दोघा मित्रांनी एक खेळ बसवला होता. राज्यं उभारायची, शहरं वसवायची, लढाया मारायच्या, असा तो खेळ. त्यातलं जग आपल्या मर्जीप्रमाणे बदलता येई. अशा बदललेल्या खेळाला मॉड म्हणतात, हे २००६ साली जव्हारमध्ये फक्त दोघांना ठाऊक होतं आणि ते दोघे संध्याकाळी कचेरी सुटल्यावर याच खोलीत सापडत.

त्यांच्या जगाचं नाव ‘खडकाळ प्रदेश’. खेळाचा नियम असा, की प्रत्येक राज्याला एक धर्म हवा. नसला तर प्रजा बिथरते आणि धान्याची कोठारं पेटवून देते. दोघांनी पहिल्या दिवशीच शपथ घेतली होती, की आपला कुठलाही धर्म कुणाच्या खऱ्या धर्मासारखा दिसता कामा नये. शपथ घेणं सोपं गेलं.

“चंद्र ठेवू,” हेमंत म्हणाला.

“चंद्र नको. आमची ईद त्याच्यावर चालते. लोक म्हणतील, आपल्याकडं ओढला.”

“मग डोंगर?”

“डोंगर कुणाचा ना कुणाचा असतोच. वाघ पण नको, तुझ्या मामाच्या गावात वाघाला नारळ फोडतात.”

“नदी?”

“तू दाभोशाचा. धबधब्यासमोर हात जोडताना मी पाहिलाय तुला.”

पुढं दुकानात नूरमोहम्मदचाचा गिऱ्हाईकाला खिळे तोलून देत होते. मागं न बघता त्यांनी विचारलं, “का रे, आहेत तेवढे धर्म पुरेना झालेत का?”

“अब्बा, हे खेळातले आहेत.”

“खेळातच राहू द्या मग. बाहेर आणू नका.”

चाचांचं बोलणं कुणी मनावर घेतलं असतं, तर ही गोष्ट सांगावी लागली नसती. शेवटी तिसऱ्या धर्मापुरता दोघांनी तोडगा काढला. देवाची जागा मोकळी सोडायची, सुचेल तेव्हा भरायची.

आता हेमंतच्या लिहिण्याबद्दल सांगायला हवं. हेमंत एका सरकारी खात्याच्या जव्हारच्या कचेरीत कारकून होता. खात्याचं नाव सांगून उगाच वैर कशाला घ्या. घरातली ही पहिलीच सरकारी नोकरी, आणि ती अजून कायम झाली नव्हती. दोन वर्षांची मुदत डिसेंबरात भरणार होती आणि त्याची फाइल ठाण्याच्या साहेबांच्या टेबलावर होती. साहेबांनी सही केली तर जन्माचं कल्याण, नाही तर परत दाभोशाला भातखाचरात. आई रोज देवापुढं दिवा लावून साहेबांचं नाव घ्यायची.

या दोन वर्षांत कचेरीची भाषा हेमंतच्या अंगात इतकी मुरली होती, की दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेनं लिहिणं त्याला जमेना. बहिणीला खुशालीचं पत्र लिहितानाही तो विषय आणि संदर्भ टाकी. तेव्हा धर्म त्यानं कसा लिहिला असेल ते उघड आहे. कचेरीच्याच पिवळ्या कागदावर त्यानं लिहिलं होतं:

“विषय : चूल-विश्रांतीबाबत.

खडकाळ प्रदेशातील सर्व गावांना कळविण्यात येते की,

१) दर बुधवारी विषम क्रमांकाच्या घरांनी चूल पेटवू नये व सम क्रमांकाच्या शेजाऱ्याकडे जेवावे. पुढील बुधवारी याच्या उलट करावे.

२) पाहुण्याने जेवणास नावे ठेवू नयेत. मीठ एकदाच मागता येईल.

३) ज्यांचे आपसात भांडण असेल त्यांना शेजारी शेजारी बसवावे.

४) नियम मोडणाऱ्याने सात घरी जाऊन लोकांना हसवावे. लोक न हसल्यास आठव्या घरी जावे.

५) दैवत : निश्चित झालेले नाही. स्वतंत्रपणे कळविण्यात येईल.

अंमलबजावणीचा अहवाल पंधरा दिवसांत सादर करावा.”

शेवटचं वाक्य लिहायचं त्याच्या मनातही नव्हतं. पण हात कागदाच्या तळाशी गेला, की ते आपोआप उतरत असे.

कचेरीला सरकारनं कॉम्प्युटर दिला होता. तो खराब होऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिकचं आवरण होतं आणि आवरण मळू नये म्हणून ते कुणी काढत नसे. त्यामुळे कचेरीचं सगळं टायपिंग जुनेदकडेच होई. ऑक्टोबरात भातकापणीसाठी हेमंत चार दिवस रजेवर गेला. जाताना ‘पाणी उकळून पिण्याबाबत’ हे परिपत्रक त्यानं टायपिंगसाठी जुनेदच्या टेबलावर ठेवलं. धर्माचा कागद त्याच्या खालीच होता. जुनेद त्या दिवशी झेरॉक्सची शाई आणायला नाशिकला गेला होता, आणि काम त्याच्या बहिणीनं, शायस्तानं, उरकलं.

हेमंत परत आला तो थेट मागच्या खोलीत. “तिसऱ्या धर्माचा कागद कुठाय?”

“चूल-विश्रांती ना?” शायस्ता म्हणाली. “टाईप केला, लेटरहेडवर घेतला, बेचाळीस कॉप्या काढल्या. तुमचे जिव्याकाका कचेरीत घेऊन गेले.”

हेमंत मटकन स्टुलावर बसला. “तू वाचलं नाहीस?”

“वाचल्याशिवाय टाईप कसं करणार? मला वाटलं, सरकारी आहे. मागच्या महिन्यात बकऱ्यांच्या कानांची माहिती नऊ रकान्यांत टाईप केली, तेव्हा तरी मी कुठं काही बोलले?”

हेमंत कचेरीत धावला. जावक पत्रांना क्रमांक घालण्याचं काम हर्षदा करायची. लेटरहेड दिसलं की ती क्रमांक घाली. क्रमांक दिसला की कचेरीचे प्रमुख भाऊसाहेब सही करत. सही दिसली की शिपाई जिव्याकाका एकेका गावाची पाकिटं त्या त्या गावच्या जीपवाल्याच्या हातात देत. कुणी कामात कसूर केली नव्हती.

“चारशे सतरा क्रमांक,” हर्षदानं रजिस्टर उघडून दाखवलं. “सगळी गावं झाली. परत घ्यायचं तर रद्द केल्याचं परिपत्रक काढावं लागेल.”

“मग काढू.”

“त्याच्यावर भाऊसाहेबांची सही लागेल. आणि ते वाचतील.”

“ते कधी वाचतात?”

“रद्द करायचं असलं की वाचतात.”

हेमंतनं गप्प बसायचं ठरवलं. आपली परिपत्रकं कुणीच पाळत नाही, या एका गोष्टीवर त्याचा पूर्ण भरवसा होता.

आठवड्याभरात अहवाल यायला लागले. पहिल्यात नुसतंच ‘अंमलबजावणी केली’ असं होतं, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. दुसरा मोखाड्याकडच्या गावाचा. ‘घर क्र. ११ मध्ये दोन चुली असल्याने ते सम धरावे की विषम, याबाबत मार्गदर्शन व्हावे.’ तिसऱ्यात लिहिलं होतं, ‘भांडण असलेल्यांची संख्या जास्त भरल्याने दोन पंगती कराव्या लागल्या.’ एका गावात कमू नावाच्या बाईनं सातव्या घरापर्यंत कुणी हसेना म्हणून आठव्या घरी जावयाची नक्कल केली आणि त्यानंतर सारा गाव मुद्दाम नियम मोडायला लागला, तरी उपाय सुचवावा, अशी विनंती होती.

आणि मग ते सुरू झालं. ‘दैवत अद्याप प्राप्त झालेले नाही, तरी त्वरित पाठविण्यात यावे.’ ‘दैवत जीपने येणार की कसे, ते कळवावे.’ ‘दैवताचा आकार कळविल्यास जागा करून ठेवता येईल.’

पाणी उकळण्याच्या परिपत्रकाचं कुणी नावही काढलं नाही.

“आपल्या खेळातली प्रजा पहिल्या दोन धर्मांवर बिथरली,” जुनेद अहवाल वाचता वाचता म्हणाला, “आणि ही खुशाल जेवतेय. लेका, हा धर्म चाललाय.”

“माझी नोकरी चाललीय,” हेमंत म्हणाला.

भाऊसाहेब मात्र हवेत होते. बेचाळीसपैकी एकेचाळीस अहवाल वेळेत, असं कचेरीच्या इतिहासात झालं नव्हतं. कशाबद्दल आहेत हे न बघता त्यांनी गोषवारा ठाण्याला धाडला. उलट टपाली उत्तर आलं: साहेब स्वतः बुधवारी वांगणीला पाहणीसाठी येत आहेत, संबंधित कारकुनानं हजर राहावं.

हे वाचून भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. साहेब आणि भाऊसाहेब एके काळी एका टेबलावर बसत. आठ वर्षांपूर्वी एका बदलीवरून दोघांचं बिनसलं, तेव्हापासून ते एकमेकांशी फक्त लेखी बोलत.

बुधवारी जीपमध्ये साहेब पुढं, भाऊसाहेब मागं, आणि हेमंत फायली व स्टेपनी यांच्यामध्ये. रस्ता असा होता, की तिघांची डोकी वरच्या कापडाला लागत होती. साहेबांनी परिपत्रक काढलं आणि समोरच्या काचेला विचारलं, “हा खडकाळ प्रदेश म्हणजे नेमका कुठला?”

भाऊसाहेब हेमंतला म्हणाले, “सांग त्यांना, जीपच्या बाहेर बघा.”

वांगणीत गावच्या अंगणवाडीसेविका पारूताई वाट बघत होत्या. “साहेब, टायमाला आलात. आज समवाल्यांच्या चुली हायत. चला, आठ नंबरला.” डासांच्या फवारणीवाल्यांनी दारांवर रंगवलेले नंबर गावानं पुन्हा गेरूनं गिरवून घेतले होते.

आठ नंबरच्या अंगणात पंगत बसलेली. म्हातारी माघी वाढत होती. नागलीच्या भाकरी, भात, आंबाडीची भाजी, खुरासणीची चटणी, वाटाण्याची आमटी. पंगतीच्या टोकाला एक पत्रावळ रिकामी होती.

“ही कुणाची?” साहेबांनी विचारलं.

“देवाची,” माघी म्हणाली. “त्याचा कागद नाय आला अजून. आमी मनलं, येल तवा उपाशी कशाला ठेवाचा? दर बुधवारी कोन ना कोन वाट चुकलेला येतो, तो बसतो तिथं. तुमी बसा.”

साहेब बसले.

“आन हे दुसरे साहेब?” माघीनं भाऊसाहेबांकडं बघितलं. “तुमच्यात भांडण हाय ना? डायवर सांगत होता.”

“कामकाजातला मतभेद आहे,” साहेब म्हणाले.

“म्हंजे भांडणच. बसा त्यांच्या बाजूला.”

भाऊसाहेब बसले. दोघांचे गुडघ्याला गुडघे लागले. समोरचा ढवळू आणि त्याचा भाऊ चैती, शेताच्या बांधाच्या भांडणापायी, असेच चिकटून बसले होते आणि एकमेकांना आग्रहानं भाकरी वाढत होते.

आमटी अळणी होती. साहेबांनी मीठ मागितलं, माघीनं चिमूटभर टाकलं. चार घासांनी त्यांनी पुन्हा हात पुढं केला.

“एकदाच, साहेब,” पारूताई हळूच म्हणाल्या. “परिपत्रकात हाय.”

साहेबांनी हात मागं घेतला. स्वतःच्या खात्याचा नियम त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच आडवा आला होता. तेवढ्यात भाऊसाहेबांनी इकडंतिकडं बघून आपल्या पत्रावळीतलं मीठ बोटानं त्यांच्या पानाकडं सारलं.

“तुझा रक्तदाब कसा आहे?” साहेबांनी विचारलं.

“आहे आपला. तुमचा?”

आठ वर्षांनंतर दोघं तोंडी बोलले. नंतर भाताला दोघांनीही नको म्हटलं नाही.

हात धुताना साहेब हेमंतकडं वळले. “हे परिपत्रक कुणाच्या डोक्यातून निघालं?”

हेमंतनं सांगून टाकलं. खेळ, खडकाळ प्रदेश, मॉड, बिथरलेली प्रजा, कोठारं, सगळं. साहेबांना निम्मं कळलं नसावं. भाऊसाहेबांना काहीच कळलं नाही, पण आपण कशावर सही केली ते कळून ते खाटेवर टेकले.

“म्हणजे हा खेळ आहे?” साहेब म्हणाले.

“हो साहेब. चूक झाली. रद्द करतो.”

साहेबांनी अंगणाकडं पाहिलं. विषम घरांतल्या बाया समवाल्यांची भांडी घासत हसत होत्या, आणि ढवळू चैतीला तंबाखू मळून देत होता.

“एकतीस वर्षं परिपत्रकं काढतोय मी,” ते म्हणाले. “पाळलेलं आज पहिल्यांदा बघितलं. आणि ते रद्द करू?” मग त्यांनी विचारलं, “तुमची कायम करायची फाइल माझ्याकडंच आहे ना?”

“हो साहेब.”

“उद्या सही करून पाठवतो.”

हेमंतला रडू आणि हसू एकदमच आलं. आईला हे कधी सांगतो असं त्याला होऊन गेलं. पाया पडायला तो वाकला, तर साहेबांनी त्याला मध्येच धरलं.

“असे आणखी किती आहेत?”

“धर्म? अजून चार तयार आहेत, साहेब.”

“लिहून पाठवा. दर तिमाहीला एक काढू. आधी मला, मग गावांना.”

हेमंत घुटमळला. आता कायम होणार म्हटल्यावर खरं बोलायला हरकत नव्हती. “चौथ्यात जरा अडचण आहे, साहेब. त्यात वर्षातून एकदा अधिकाऱ्यांनी विहिरीवरून प्रत्येक घरी दोन हंडे डोक्यावर न्यायचे असतात. पायी.”

साहेबांनी भाऊसाहेबांकडं पाहिलं. भाऊसाहेबांनी लांब उतारावरच्या विहिरीकडं पाहिलं.

“तो वगळा,” दोघंही एकदम म्हणाले.